वय झाले की आजार? वार्धक्यातील विसराळूपणा आणि प्रयोगाचे गणित



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावी माझ्या चुलत्यांनी उसातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारले आणि तोच पंप नीट न धुता चार दिवसांनी कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी वापरला. आठ-दहा दिवसांत कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी अरुंद होऊन आकसली. एक एकर कपाशी हातची गेली. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, हे आम्हा पोरांना ज्यांनी शिकवले त्यांच्याच हातून हे घडले. त्याआधी वर्षभर, म्हणजे काकू वारल्यापासून, ते गप्प गप्प असत. एकाच तुकड्याला दोनदा युरिया देणे, मोटार चालू ठेवून घरी येणे, सोसायटीच्या हप्त्याची तारीख विसरणे असे प्रकार होत होते. घरातील सर्वांचे निदान एकच होते, "आता वय झाले."

कपाशीच्या नुकसानीनंतर त्यांना जिल्हा रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी तपासून नैराश्य असल्याचे सांगितले. रक्तात ब-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले. औषधोपचार सुरू झाले, नियमित बोलणे-विचारपूस सुरू झाली आणि सहा-सात महिन्यांत काका पुन्हा फवारणीची वही स्वतः लिहू लागले. पीक पिवळे पडले तर आपण पाण्याची कमतरता, नत्र, लोह, मूळकूज अशी एकेक शक्यता तपासतो. घरातील माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही एक वर्ष "वय झाले" या दोन शब्दांत घालवले. प्रयोगांचे निष्कर्ष कसे काढावेत हे विद्यार्थ्यांना शिकवणारा माणूस घरात असताना हे घडले, याची खंत वाटते. म्हणूनच या विषयावर वाचन केले. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे.

वयामुळे बुद्धी व स्मरणशक्ती खरोखर किती कमी होते आणि आजारामुळे किती, हे संशोधक कसे ठरवतात? त्याची रीत आपल्या प्रक्षेत्रावरील प्रयोगांपेक्षा फार वेगळी नाही.

शेतातील गणित माणसांपर्यंत

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रावर १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग सुरू असून तो आजही चालू आहे. या केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. दोन प्लॉटच्या उत्पादनातील फरक खताचा, जमिनीचा की निव्वळ योगायोगाचा, हे कसे ओळखावे हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी तीन गोष्टींवर भर दिला. एक, प्रत्येक उपचाराची पुनरावृत्ती करावी. दोन, कोणत्या प्लॉटला कोणता उपचार द्यावा हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवावे. तीन, सारख्या जमिनीचे गट पाडून त्या गटातच तुलना करावी. त्यांचे या पद्धतींवरील पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले. आज नवीन औषधाची चाचणी घेताना वैद्यकातही हीच तत्त्वे पाळली जातात.

आपल्याकडे हे शास्त्र शेतीत रुजवण्यात डॉ. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेले त्यांचे संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक कृषि पदवीधरांच्या पिढ्यांनी अभ्यासले आहे. पीक कापणी प्रयोग तर आपण सर्वांनी पाहिला आहे. गावातील सर्व शेते कापून मोजणे शक्य नसते. म्हणून काही शेते यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यात ठरलेल्या आकाराचा प्लॉट कापतात, वजन घेतात आणि त्यावरून मंडळाचे उत्पादन ठरते. निवड बांधावरून पाहून, चांगले किंवा वाईट पीक बघून केली तर अंदाज चुकतो, हे पीक विमा घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माणसांच्या मानसिक आरोग्याची पाहणी करतानाही घरे अशीच निवडावी लागतात. दवाखान्यात आलेल्यांचीच मोजणी केली, तर ती रस्त्याकडेच्या चांगल्या शेतातून तालुक्याचे उत्पादन काढण्यासारखी होईल.

स्मरणशक्तीचे माप कोणते?

धान्य काट्यावर तोलता येते, स्मरणशक्ती कशाने तोलावी? त्यासाठी ठरावीक चाचण्या असतात. एक सोपी चाचणी अशी असते. दहा साधे शब्द वाचून दाखवतात आणि लगेच आठवतील तेवढे सांगायला लावतात. मध्ये दुसरे काही प्रश्न विचारून काही मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारतात. याशिवाय आजचा वार, ठिकाण, साधी वजाबाकी, एका मिनिटात जास्तीत जास्त प्राण्यांची नावे अशा प्रश्नांतून बुद्धीच्या निरनिराळ्या कामांची नोंद होते.

येथे पहिली अडचण येते ती शिक्षणाची. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची एक चाचणी जगभर वापरली जाते. तीत वाक्य लिहिणे, लिहिलेली सूचना वाचून तसे करणे असे भाग आहेत. शाळेत न गेलेल्या आजींना ही चाचणी दिली तर त्यांचे गुण कमीच येणार. त्यांची बुद्धी क्षीण झाली असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे कोरडवाहू ज्वारीचे उत्पादन बागायती ज्वारीशी ताडून वाण निकृष्ट ठरवण्यासारखे आहे.

हे ओळखून भारतीय व अमेरिकी संशोधकांनी हरियाणातील बल्लभगड भागातील खेड्यांत काम करून या चाचणीचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेखन-वाचनावर अवलंबून असलेले भाग बदलून तोंडी व कृतीचे प्रश्न घेण्यात आले. उदाहरणार्थ, आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगणे. निरक्षर माणसालाही हे येते आणि लक्ष एकाग्र करण्याची शक्ती त्यातून मोजता येते. मोजण्याचे साधन ज्या जमिनीत वापरायचे त्या जमिनीला जुळवून घ्यावे लागते, हा धडा येथून मिळतो.

वय की पिढी?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. समजा, आज गावातील ३० वर्षांच्या व ७० वर्षांच्या माणसांची चाचणी घेतली आणि ७० वर्षांच्यांना कमी गुण मिळाले. यावरून वयामुळे बुद्धी घटते असे म्हणता येईल का? या दोन गटांत केवळ वयाचा फरक नाही. एका पिढीला लहानपणी शाळा, लसीकरण, पोटभर अन्न मिळाले, दुसरीला ते मिळालेच असे नाही. जुन्या बागेत एक वाण आणि नव्या बागेत दुसरे वाण असताना झाडाच्या वयाचा उत्पादनावरील परिणाम काढता येत नाही, तसेच हे आहे.

अमेरिकेतील के. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये सिएटल शहर परिसरातील ५०० प्रौढांची चाचणी घेतली. नंतर दर सात वर्षांनी त्याच माणसांची पुन्हा चाचणी घेण्यात आली आणि प्रत्येक वेळी नवीन माणसांचा गटही जोडण्यात आला. एका वेळी निरनिराळ्या वयाच्या माणसांची तुलना केली असता बुद्धीची घट तरुण वयातच सुरू झाल्यासारखी दिसे. त्याच माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर मात्र वेगळे चित्र आले. बहुतेक बौद्धिक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतात, घट पुढे हळूहळू होते आणि ती सर्वांमध्ये सारखी नसते. आधी वयाची घट वाटत होती, तिचा मोठा भाग पिढीपिढीतील फरकाचा होता.

बियाणे, जमीन आणि जुनी नोंद

तिसरा प्रश्न असा की म्हातारपणी कोणाची बुद्धी तल्लख दिसली तर ती टिकून राहिली म्हणावी, की मुळातच तल्लख होती? त्यासाठी लहानपणची नोंद हवी. अशी नोंद स्कॉटलंडमध्ये सापडली. तेथे १ जून १९३२ रोजी, १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची एकाच दिवशी बुद्धिचाचणी घेण्यात आली होती. मुलांची संख्या होती ८७,४९८. पुढे १९४७ मध्ये, १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांचीही अशीच चाचणी झाली. या नोंदवह्या कित्येक वर्षे पडून होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इयन डिअरी व लॉरेन्स व्हॅली या संशोधकांनी त्या मिळवून त्यातील हयात माणसांचा शोध घेतला. १ जून १९९८ रोजी, म्हणजे बरोबर ६६ वर्षांनी, अ‍ॅबर्डीन येथे १०१ वृद्धांनी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवली. दोन्ही वेळच्या गुणांतील सहसंबंध ०.६३ आला.

या आकड्याचा अर्थ असा की ७७ व्या वर्षी माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ४० टक्के फरकाचा संबंध अकराव्या वर्षीच्या बुद्धीशी लागतो. उरलेला फरक नंतरच्या आयुष्याशी, प्रकृतीशी, सवयींशी व योगायोगाशी निगडित आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर बियाण्याचा वाटा मोठा आहे, परंतु मशागतीचा वाटाही कमी नाही.

या जुन्या नोंदीमुळे काही गैरसमज दूर झाले. १९३६ साली जन्मलेल्यांच्या गटात सत्तराव्या वर्षी जास्त कॉफी पिणाऱ्यांचे गुण चांगले दिसत होते. लहानपणची बुद्धी व सामाजिक स्थिती हिशेबात धरल्यावर हा संबंध बहुतांशी नाहीसा झाला. महाग संकरित बियाणे घेणाऱ्याचे उत्पादन जास्त येते. पण त्याचीच जमीन भारी आणि विहिरीला पाणी असेल, तर सारे श्रेय बियाण्याला देता येत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे यावरून लक्षात येईल.

मर झालेल्या रोपांचा हिशेब

वर्षानुवर्षे चालणाऱ्या अभ्यासात आणखी दोन चुका संभवतात. पहिली म्हणजे माणसे गळतात. काही वारतात, काही आजारी पडतात, काही गाव सोडतात. जी शेवटपर्यंत राहतात ती बहुधा जास्त निरोगी असतात. त्यांचीच सरासरी काढली तर म्हातारपण फार सुखाचे दिसते. मर रोगाने निम्मी तूर गेल्यावर उरलेल्या झाडांच्या शेंगा मोजून हेक्टरी उत्पादन सांगण्यासारखे ते होईल. म्हणून कोण, केव्हा आणि का गळले याची नोंद ठेवून गणितात तिचा विचार करतात.

दुसरी चूक सरावाची. तीच चाचणी पुन्हा दिली की माणसाला ती थोडी सोपी जाते. त्यामुळे खरी घट काही काळ झाकली जाते. नव्याने घेतलेल्या माणसांचे गुण आणि जुन्या माणसांचे गुण ताडून सरावाचा हिस्सा वेगळा काढता येतो. सिएटलच्या अभ्यासात दर वेळी नवीन गट जोडला होता, त्याचा एक उपयोग हाही होता.

आपल्या देशातील पाहणी

मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी वृद्धत्वाची देशव्यापी दीर्घकालीन पाहणी हाती घेतली आहे. लासी या नावाने ती ओळखली जाते. २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची माहिती घेण्यात आली. त्यात ६० वर्षांवरील ३१,४६४ जण होते. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अहवालातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ६० वर्षांवरील किती जणांना नैराश्य असल्याचे कधी डॉक्टरांनी सांगितले होते? केवळ ०.८ टक्के. त्याच वयोगटाला ठरावीक प्रश्नावली विचारून लक्षणे तपासली, तेव्हा नैराश्य असण्याची शक्यता ८.३ टक्के लोकांत आढळली. म्हणजे दहापट. पानाखालची कीड न उलटता पाहिली तर पीक स्वच्छच दिसते. आमच्या घरातही तेच झाले होते.

याच पाहणीतून ६० वर्षांवरील ४,०९६ जणांची निवड करून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने सखोल तपासणी करण्यात आली. त्यातील काहींच्या नोंदी तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून स्मृतिभ्रंश आहे किंवा नाही हे ठरवले. त्यावरून गणिती प्रारूप बसवून देशाचा अंदाज काढण्यात आला. थोड्या प्लॉटची काटेकोर मोजणी करून तालुक्याचा अंदाज काढावा तसाच हा प्रकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अंदाजानुसार भारतात साठीवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. ८८ लाख ही संख्या लहान नाही आणि तीत खेड्यांचा वाटा मोठा आहे. त्याच वेळी साठीवरील १०० पैकी ९२-९३ जणांना स्मृतिभ्रंश नाही. नाव पटकन न आठवणे, चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वाढत्या वयात होते. परंतु रोजचे व्यवहार बिघडवणारा विसराळूपणा हे म्हातारपणाचे नेहमीचे लक्षण नव्हे.

तुलनेचा प्लॉट कोठे आहे?

बाजारात स्मरणशक्ती वाढवणारी टॉनिके, गोळ्या, काढे भरपूर मिळतात. पिकांच्या टॉनिकाबाबत आम्ही सांगतो तेच येथे सांगावेसे वाटते, तुलनेचा प्लॉट पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. जिन्को नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ जणांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना अर्काची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी यादृच्छिक पद्धतीने देण्यात आली. कोणाला कोणती गोळी मिळते हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते. सुमारे सहा वर्षांनंतर, २००८ साली निकाल जाहीर झाला. औषध नसलेल्या गटात २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला आणि अर्क घेणाऱ्या गटात २७७ जणांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता, त्यामुळे अर्काने नुकसान झाले असे म्हणता येत नाही. पण फायदा झाला नाही, हे स्पष्ट झाले.

उलट उदाहरण फिनलंडचे आहे. तेथे ६० ते ७७ वर्षे वयाच्या, स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असलेल्या १,२६० जणांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-मधुमेह इत्यादींवर नियमित देखरेख असे एकत्रित पॅकेज दिले. दुसऱ्याला नेहमीचा आरोग्य सल्ला दिला. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. गंमत अशी की गुण दोन्ही गटांत वाढले. तुलनेचा गट नसता, तर सारी वाढ पॅकेजमुळे झाली असे वाटले असते. प्रत्यक्षात पॅकेजच्या गटातील वाढ दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. फायदा माफक आहे, पण तो कसोटीला उतरलेला आहे.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याचे आहे. तेथे नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या, परंतु पूर्ण आजार न झालेल्या ६० वर्षांवरील १८१ जणांवर प्रयोग झाला. एका गटाशी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते ठरावीक पद्धतीने बोलत. अडचण कशी सोडवावी, झोप कशी सुधारावी, दुखण्याची काळजी कशी घ्यावी, सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यावा यात मदत करत. हे कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात नैराश्याचा पूर्ण आजार या गटात ४.४ टक्के जणांना आणि तुलनेच्या गटात १४.४ टक्के जणांना झाला. प्रयोग लहान असला तरी फरक मोठा आहे. वेळेवर कोणी तरी नीट बोलल्याने आजार टाळता येतो, याचा हा पुरावा आहे.

फवारणी आणि मन

शेतकऱ्यांच्या दृष्टीने आणखी एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून कीटकनाशके फवारणारे शेतकरी, त्यांचे जोडीदार आणि व्यावसायिक फवारणी करणारे अशा सुमारे ८९,००० जणांचा मागोवा घेतला जात आहे. ज्यांना पूर्वी कधी कीटकनाशकाची विषबाधा झाली होती, त्यांच्यात नैराश्याचे निदान इतरांपेक्षा जास्त आढळून आले. येथे चिठ्ठ्या टाकून कोणाला विषबाधा केलेली नाही, तसे करणे शक्यही नाही. त्यामुळे हा पुरावा प्लॉटवरील प्रयोगाइतका पक्का मानता येत नाही. परंतु तणनाशकाचा वास आला तरी आपण कपाशीजवळून पंप बाजूला नेतो. तशीच सावधगिरी स्वतःच्या शरीराबाबत बाळगणे शहाणपणाचे आहे.

घरी काय करावे?

वैद्यकीय तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त मद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण यांचा समावेश आहे. ही सर्व कारणे दूर झाली तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशेब आहे. हा हिशेब सर्व लोकसंख्येचा आहे, एका माणसाला दिलेली हमी नव्हे. तरीही त्यातून पुढील गोष्टी घरोघरी करता येतील.

१) वडीलधाऱ्यांची तुलना शेजाऱ्याशी किंवा तरुणाशी न करता त्यांच्याच दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी. व्यवहारात बदल दिसल्यास काय घडले, केव्हा घडले, हे तारखेसह वहीत लिहावे. डॉक्टरांना या नोंदीचा मोठा उपयोग होतो.

२) असा बदल काही आठवडे टिकला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे. रक्तदाब, साखर, थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व, कान व डोळे यांची तपासणी करून घ्यावी. यातील बऱ्याच बाबींवर उपचार आहेत.

३) माणूस गप्प झाला, झोप उडाली, जेवण कमी झाले, कशात मन लागेना, तर नैराश्याची शंका घ्यावी. जोडीदाराच्या निधनानंतर विशेष लक्ष ठेवावे. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलले तर ते मनावर घ्यावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

४) काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. फवारणीनंतर असे झाले असल्यास औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल सोबत न्यावे.

५) ज्यांचा विसराळूपणा वाढला आहे, त्यांच्याकडे एकट्याने कीटकनाशक मिसळण्याचे काम देऊ नये. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवून त्यावर रंगाने खूण करावी. मात्र शेतीच्या कामातून त्यांना दूर सारू नये. पाहणी, मजुरांची हजेरी, वही लिहिणे, बियाण्याची निवड अशी कामे त्यांना द्यावीत.

६) स्मरणशक्तीचे औषध विकणाऱ्यास दोन प्रश्न विचारावेत. किती जणांवर चाचणी झाली? ते औषध न घेणाऱ्या सारख्याच माणसांत काय आढळले? उत्तर न मिळाल्यास पैसे खर्च करू नयेत.

चुलत्यांच्या त्या एक एकर कपाशीचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघाले. त्याआधी वाया गेलेले एक वर्ष मात्र परत आले नाही. प्रक्षेत्रावर आम्ही एका हंगामाच्या निरीक्षणावरून वाण नाकारत नाही. घरातील माणसाबाबतही "वय झाले" हा निष्कर्ष सर्व तपासण्या झाल्यावरच काढावा, त्याआधी काढू नये.